काही त्रास नसताना करायची तपासणी: गर्भाशयमुखाचा कर्करोग

तेरणाकाठ

मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मागच्या महिन्यात आत्याचं वर्षश्राद्ध झालं आणि आता लिहायलाच हवं असं वाटलं.

आत्या गेली तेव्हा बासष्टची होती. पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि अचानक पुन्हा अंगावरून जायला लागलं. आठ महिने तिनं कुणाला कळू दिलं नाही. आतेवहिनी नंतर रडत सांगत होती, आत्या पहाटे चारला उठायची, अंधारातच स्वतःचं पातळ धुवायची आणि गोठ्यामागच्या तारेवर वाळत घालायची. वर दुसरं लुगडं टाकायची, डाग राहिला असेल तर दिसू नये म्हणून. घरच्यांना वाटायचं, वय झालं, झोप लागत नसेल. कंबर धरायची, तर सून तेल चोळून द्यायची. शेवटी डावा पाय मांडीपर्यंत सुजला तेव्हा तालुक्याला नेलं. तिथं सुजेच्या गोळ्या मिळाल्या, आतून तपासलं कुणीच नाही. आणखी दीड महिना गेला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तिसरा टप्पा होता. एका बाजूची मूत्रनलिका दाबली जाऊन किडनी फुगली होती. लाईट, म्हणजे रेडिएशन घेतलं, केमो घेतली. पुढचं लिहवत नाही.

आता आईचं सांगते. आई आणि आत्या नणंद-भावजया, जवळपास एकाच वयाच्या. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात. आत्याचं सासर जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, मोटारसायकलवर अर्धा तास. साधारण २००१ साली आमच्याकडे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या बायका यायच्या आणि तिशीच्या पुढच्या बायकांना तपासणीला बोलवायच्या. आई जाणारच नव्हती. आजी म्हणाली, "फुकट बघतात तर बघू दे, जाऊन ये." आईच्या पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयमुखावर पांढरा डाग निघाला, तो गोठवून टाकला. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं घरी भाकरी थापल्या. "पिशवी साफ करून दिली" एवढंच ती आजवर सांगायची. आत्याची फाईल वाचता वाचता मला उमजलं की ते काय होतं. असा प्रत्येक डाग पुढे कर्करोग होतोच असं नाही, बरेच आपोआप जातात, हे मी वाचलं आहे. पण आईला ती संधी मिळाली आणि आत्याला मिळाली नाही, हे डोक्यातून जात नाही.

आई ज्यात होती तो अभ्यास मी शोधून वाचला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ ते २००३ या काळात आमच्या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाला एचपीव्ही या विषाणूची चाचणी (हा कर्करोग त्याच्यामुळेच होतो), दुसऱ्याला पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार. आठ वर्षं पाठपुरावा झाला. निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आज जगभर एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती मिळते, त्या पुराव्यात आमच्या भागातल्या नऊवारी नेसणाऱ्या बायका आहेत. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? देशभरात १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत.

म्हणून इथल्या बायकांना विचारते. तुमची झाली आहे का? नसेल तर का नाही? खरं कारण लिहा.

अबोली

वाचून पोटात कालवलं.

खरं लिहायचं तर वय ४४, दोन बाळंतपणं, बँकेत नोकरी. साखर आणि थायरॉइड दर वर्षी न चुकता तपासते. ही तपासणी एकदाही नाही. कुणी सांगितलंच नाही, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्या टेबलावर पाय वर घेऊन झोपायची लाज. बाळंतपणात काही वाटलं नाही, तेव्हा शुद्धच कुठे असते. पण धडधाकट असताना आपणहून जायचं म्हटलं की अंग चोरलं जातं. दुखतं का हो?

रानजाई

अबोली ताई, मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स आहे, सतरा वर्षं उपकेंद्रात. व्हीआयए, म्हणजे तेरणाकाठ यांनी लिहिलेली व्हिनेगरची तपासणी, मी स्वतः करते. काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती राहणार नाही.

पडदा ओढलेला असतो. आत बाई आणि मी, हवी असेल तर तिच्यासोबतची बाई. स्पेक्युलम हे एक साधन असतं, बायका त्याला चिमटा म्हणतात. थंड स्टील लागलं की बाई आखडते आणि आखडली की दुखतं, म्हणून मी तो कोमट पाण्यातून काढून घेते. आत गेल्यावर ताण जाणवतो, कळ येत नाही. दिव्याच्या उजेडात पिशवीचं तोंड समोर दिसतं, गुलाबी, मधे बारीक छिद्र. त्यावर सौम्य ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लावायचा, थोडंसं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं. त्या मिनिटात मी बाईला पोरांची नावं विचारते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बदललेल्या असतील तिथं दाट पांढरा डाग उठतो, कडा ठळक असलेला, तव्यावर धिरड्याच्या पिठाचा थेंब पडावा तसा. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असं अजिबात नाही. पुढे दुर्बिणीखाली बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पाळी चालू असताना येऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम नको.

मोगरा_७१

माझ्या माहेरी-सासरी कुणालाच कर्करोग नाही. शिवाय मिस्टरांना जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्यासारखीला गरज आहे का? मनापासून विचारते आहे.

वैजयंती

मोगराताई, तुमचा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा कर्करोग घराण्यातून येणारा नाही. जवळपास सगळ्याच रुग्णांत कारण एकच असतं, एचपीव्ही हा विषाणू. त्याचे प्रकार अनेक आहेत, पण साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग १६ आणि १८ या दोन क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात. हराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं हा संबंध दाखवला, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे, की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याची लागण होतेच. कुणाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध लावू नका. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हाकलून लावतं. ज्यांच्या अंगात तो ठाण मांडतो, त्यांना धोका.

पिशवीच्या तोंडावर आतलं आणि बाहेरचं अशी दोन प्रकारची अस्तरं एकमेकांना भेटतात. त्या सांध्यावरच्या पेशी सतत बदलत असतात, आणि विषाणू नेमका तिथं घर करतो. किशोरवयात तो भाग जास्त उघडा आणि नाजूक असतो. म्हणून कमी वयात लग्न झालेल्या मुलीला धोका जास्त. पुष्कळ बाळंतपणं, स्वतःचे किंवा नवऱ्याचे इतर जोडीदार, धूम्रपान, वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या, या सगळ्यानं धोका वाढतो. एचआयव्ही असलेल्या बाईला तो इतर बायकांच्या सहापट असतो. तिनं पंचविशीपासूनच तपासणी सुरू करायला हवी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. लागण होऊन कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली, तरी विषाणू त्याआधीचा असू शकतो. म्हणून विधवा, एकट्या राहणाऱ्या, पाळी गेलेल्या, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या, सगळ्यांनी यायचं. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात वय ३० ते ६५ धरलं आहे, दर पाच वर्षांनी एकदा. तुमचं वय त्यात बसत असेल, तर नक्की या.

या आजाराला मी फार चिडून आहे, कारण तो आपल्याला पंधरा वर्षं देतो. अंडाशयाचा कर्करोग अशी सवड देत नाही. आणि एवढी सवड असूनही २०२२ साली भारतात सुमारे एक लाख सत्तावीस हजार नव्या रुग्ण आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू, असा अंदाज आहे.

तेरणाकाठ यांच्या आत्यांसारखी लक्षणं कुणाला असतील, म्हणजे पाळी गेल्यावर रक्त, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त किंवा घाण वास येणारं पांढरं पाणी, तर शिबिराची वाट बघू नका. ही वेळ चाळणी तपासणीची नाही, सरळ डॉक्टरकडे जायची आहे. "आतून तपासा" असं स्वतः म्हणा. डॉक्टर टाळत असतील तर दुसरे गाठा.

मोगरा_७१

धन्यवाद डॉक्टर. हे मला आजवर कुणी नीट सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ

मी बीडची. आमच्याकडे उलटीच गोष्ट आहे, तीही इथं यायला हवी.

इथं पिशवीच्या कर्करोगाचं नाव सगळ्या बायकांना माहीत आहे, कारण त्या नावानं त्यांना घाबरवलं गेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, की सोनोग्राफी करायची आणि सांगायचं, "पिशवी खराब झालीय, नाही काढली तर कॅन्सर होईल." कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन ऑपरेशनं झाली. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

माझी मावसबहीण त्यातली एक. २६ व्या वर्षी पिशवी गेली. तिची पॅप झाली नव्हती, व्हीआयए नाही, काही नाही. नुसतं पांढरं जाण्यासाठी बहुतेकदा गोळ्या पुरतात, हे तिला नंतर कळलं. आज पस्तिशीत तिचे गुडघे आणि कंबर म्हातारीसारखी झाली आहे, बांधावरून चालताना थांबत थांबत चालते.

म्हणून मला वाटतं, या तपासणीचा आमच्याकडे दुहेरी उपयोग आहे. आजार असेल तर सापडेल, आणि नसेल तर "कॅन्सर होईल" म्हणणाऱ्याच्या तोंडावर कागद ठेवता येईल.

वैजयंती

गोदाकाठ, हे वाचून लाज वाटली, आमच्या व्यवसायाची. कर्करोगाच्या भीतीनं पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला तर आधी पॅप किंवा एचपीव्हीचा रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतसुद्धा सहसा पिशवी काढावी लागत नाही. नुसता तेवढा भाग गोठवतात किंवा थर्मल ॲब्लेशननं उष्णता देऊन जाळतात, किंवा तारेच्या छोट्या फासानं कापून घेतात. बाई त्याच दिवशी घरी जाते आणि पुढे तिला मूलही होऊ शकतं.

कोकणचा_माणूस

पुरुषानं इथं लिहावं की नाही, माहीत नाही. पण आमच्या घरात या रिपोर्टवरून दोन महिने अबोला होता, म्हणून लिहितो.

बायकोनं ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचपीव्ही चाचणी केली, पॉझिटिव्ह आली. तिनं मला विचारलं, "तुम्ही कुठं गेला होतात?" मी भडकून तिलाच उलटं विचारलं. लग्नाला अठरा वर्षं झालीत. तिची पुढची तपासणी त्या भांडणात दोन महिने लांबली, याचं मला आज फार वाईट वाटतं. शेवटी माझ्या मोठ्या बहिणीनं दोघांना समोर बसवून डॉक्टरकडे पाठवलं. कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी झाली, काही निघालं नाही, वर्षानं परत बोलावलंय.

वैजयंती

बरं केलंत लिहिलंत. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून लागण कधीची आणि कुणाकडून, हे कुणीही सांगू शकत नाही. विषाणू वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग चाचणीत दिसतो. लग्नाआधीचा असू शकतो. मी रिपोर्ट हातात देण्याआधी ही गोष्ट सांगते, शक्यतो नवऱ्यासमोर. नाही सांगितली तर बाई पुढच्या तपासणीला येतच नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शमा_मेलबर्न

इथला अनुभव सांगते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१७ पासून पॅप बंद करून एचपीव्ही चाचणी सुरू केली. वय २५ ते ७४, निगेटिव्ह आली की पाच वर्षं बघायला नको. आणि जुलै २०२२ पासून कुणालाही स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. दवाखान्यात एक लांब कापूसकाडी हातात देतात, पडदा ओढतात, आत थोडी घालून गोल फिरवायची, नळीत ठेवून परत द्यायची. टेबल नाही, चिमटा नाही.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. आयुष्यात कधी तपासू दिलं नव्हतं त्यांनी. ही काडी मात्र दोन मिनिटांत करून आल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होय?" अबोली म्हणते ती लाज यानं अर्धी तरी मिटते. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत हे आलं तर किती बायका वाचतील.

रानजाई

शमा ताई, अगदी मनातलं बोललात. व्हीआयए स्वस्त आहे, तिथल्या तिथं निकाल मिळतो, वीज-लॅब काही लागत नाही. पण शेवटी ती बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. दिवसाला साठ बायका झाल्या की डोळा थकतो, हे मी माझ्या अनुभवानं सांगते.

चिकित्सक_वाचक

तेरणाकाठ यांच्या धाग्यावर हे लिहिताना संकोच होतोय, पण उस्मानाबादच्या अभ्यासाची दुसरी बाजू लिहायला हवी. चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना तपासणी मिळाली नाही, आणि त्यातल्या ६४ या आजारानं गेल्या. पॅप ही काही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. ती शोधणाऱ्या पापानिकोलाउ यांचं पुस्तक १९४३ चं. श्रीमंत देशांत पॅपनं मृत्यू घटतात हे आधीच कळलेलं होतं. मग काही बायकांना मुद्दाम विनातपासणी का ठेवलं? अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी यावर रीतसर तक्रारही केली होती.

मुंबईच्या अभ्यासाबद्दलही हाच आक्षेप आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडपट्ट्यांचे २० समूह घेऊन दीड लाख बायकांवर तो केला. वस्तीतल्याच बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करून घेतली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. काम मोठंच आहे, नाही म्हणत नाही. पण तिथंही निम्म्या बायका नुसत्या मोजल्या गेल्या.

तेरणाकाठ

संकोच करू नका. मी हाच प्रश्न घेऊन रात्र-रात्र बसले आहे.

त्या संशोधकांचं उत्तर असं, की तेव्हा आपल्या देशात नेहमीचे उपचार म्हणजे कसलीच तपासणी नाही, असंच होतं. खेड्यात पॅप तपासायला लॅब नाही, तज्ज्ञ नाही. काय चालतं हे ठाऊक नसताना सरकार कशावर पैसे घालणार? आणि पॅपचा चांगला कार्यक्रम इथं चालेल की नाही, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. निकाल पाहिला तर उस्मानाबादेत एकदाच केलेल्या पॅपनं किंवा व्हिनेगरनं मृत्यूंत ठोस फरक दिसलाच नाही, तो एचपीव्हीनंच दिसला. मुंबईत दर दोन वर्षांनी केलं तेव्हा व्हिनेगरनंही दिसला. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं. मुंबईचे निष्कर्ष आल्यावर तिथल्या विनातपासणी ठेवलेल्या बायकांनाही तपासणी द्यायचं ठरलं.

पण मला विचाराल तर, त्या ६४ जणींचं आपल्यावर देणं आहे. २००९ साली उत्तर मिळालं होतं. ज्या जिल्ह्यातून ते मिळालं, त्याच्या शिवेपलीकडे माझी आत्या तेव्हा शेचाळीस वर्षांची होती. तिच्यापर्यंत ते उत्तर कधीच गेलं नाही. अभ्यासाला दोष देण्याआधी मला या मधल्या वर्षांचा जाब विचारावासा वाटतो.

चिकित्सक_वाचक

हे मान्य. माझा आक्षेप कायम आहे, पण तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

सावित्री_आशा

मी आशा सेविका आहे, मोबाईलवर टाईप करते, चुका पोटात घाला.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा आम्ही सी-बॅक फॉर्म भरतो, म्हणजे कुणाला कोणत्या आजाराचा धोका आहे ते विचारून लिहायचा सरकारी फॉर्म. त्यात प्रश्न आहेत, पाळी गेल्यावर रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, घाण वासाचं पाणी जातं का. आता तुम्हीच सांगा, हे विचारायचं कुठं? अंगणात. बाई तांदूळ निवडत बसलेली, बाजूला सासू, बाजेवर दीर. सगळ्या "नाही, नाही, नाही" सांगतात आणि मी नाहीवर खूण करते. एका बाईनं असंच तीनदा नाही म्हटलं आणि मी निघाले तर विहिरीपर्यंत मागे आली. घागर घेऊन. तिथं म्हणाली, "ताई, त्या तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं?" तेव्हापासून मी फॉर्म अंगणात भरतच नाही. पाण्यावर, नाहीतर पिठाच्या गिरणीपाशी भरते. वेळ लागतो, पण खरं कळतं.

बायका मला काय सांगतात ते लिहिते. मला काय झालंय? माझं ऑपरेशन झालंय. नवरा पाठवत नाही. पुरुष डॉक्टर असेल. रोज बुडेल. आणि एक कारण कुणी बोलत नाही, पण मला कळतं. काही निघालं तर घर मला ठेवेल का? याचं उत्तर माझ्याकडे नसतं. मी फक्त म्हणते, मी सोबत येते.

अबोली

सावित्रीताई, तुमच्या पोस्टनं रडू आलं. तुमच्या एकाही शब्दात चूक नाही.

केतकी

मुलींना द्यायच्या एचपीव्हीच्या लशीबद्दल कुणी सांगेल का? लेक बारा वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान मुलीला "तसल्या" आजाराची लस कशाला.

वैजयंती

केतकी, लहान आहे म्हणूनच. विषाणूशी गाठ पडायच्या आधी लस द्यायची असते, नऊ ते चौदा हे सगळ्यात चांगलं वय. सासूबाईंना सांगा, ही कर्करोगाची लस आहे, कावीळ-ब च्या लशीसारखी. ती लस आपण जन्मल्याबरोबर देतोच ना? सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळांमधून ही लस दिली आणि तिथल्या जवळपास सगळ्या मुलींनी घेतली. पुण्याच्या सीरमनं बनवलेली सर्वाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, त्यात ६, ११, १६ आणि १८ हे चार प्रकार आहेत. गार्डासिल ९ या दुसऱ्या लशीत नऊ आहेत. मुलग्यांनाही देता येते. एक मात्र लक्षात ठेवा, लस घेतलेल्या मुलीनंही तिशीत तपासणी करायचीच. लशीत नसलेले प्रकारही असतात.

डोस किती, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसलाही मान्यता दिली, आणि त्या निर्णयामागे आपल्याकडचा एक अभ्यास आहे. २००९ साली भारतात दोन डोस बरे की तीन, हे बघायला चाचणी सुरू झाली. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रं. दुसऱ्याच एका लस प्रकल्पावरून वादळ उठलं आणि २०१० मध्ये सरकारनं सगळंच थांबवलं. हजारो मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, आणि १६ व १८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं, असं दिसलं.

तेरणाकाठ

पुन्हा बार्शी. हे मला माहीत नव्हतं. आईला आज वाचून दाखवते.

अबोली

मंडळी, झाली तपासणी. ठाण्यात खासगी दवाखान्यात केली, पॅप आणि एचपीव्ही दोन्ही, सोबत बँकेतल्या तिघी होत्या. रानजाई, तुमची पोस्ट त्यांनाही वाचायला दिली होती. टेबलावर झोपल्यावर मी आखडलेच. सिस्टरनं थांबून सांगितलं, पायाची बोटं हलवा, तोंडानं श्वास सोडा. तोवर काम झालंसुद्धा. माझे दोन्ही रिपोर्ट चांगले आहेत. तिघींपैकी एकीचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. पहिली रात्र ती झोपली नाही. मी तिला हा धागा आणि कोकणच्या माणसाची पोस्ट पाठवली, आणि परवा कॉल्पोस्कोपीला मी सोबत जाते आहे. तिच्या नवऱ्यानंही सुट्टी टाकली आहे.

तेरणाकाठ

अबोली, तिला माझा निरोप सांगा, माझी आई पंचवीस वर्षांनंतर अजून शेतात जाते.

काल आतेवहिनीचा फोन आला होता. तीच, आत्याला तेल चोळून देणारी. एक्केचाळीस वर्षांची आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही याल का सोबत?" रानजाई, तिची पाळी शनिवारपर्यंत संपेल. मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात नेलं तर चालेल ना?

रानजाई

चालेल. ड्रेसपेक्षा साडी नेसून येऊ द्या, सोपं पडतं. लघवी करून मगच टेबलावर. आणि दहाच्या आत पोचा, नंतर गर्दी होते आणि सिस्टरला घाई.